पहिल्या पंगतीची बोट

दोन जून, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मी ओट्यावर बसलो होतो. शेजारचे बसवंतप्पा आले, माझ्या पाठीवर लाकडी हातोडी हलकेच वाजवली, कान लावला आणि निर्णय दिला, "सर, तुमी अजून भरीव हाव. चला, काम हाय."

बसवंतप्पा वाजवून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवीत नाहीत. कलिंगड, दार, व्याह्यांनी दिलेला हंडा, सर्वांना ही परीक्षा द्यावी लागते. गेवराईत त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. एका बंद पडलेल्या जलविहाराच्या लिलावातून त्यांनी फायबरच्या दोन जुन्या मोटरबोटी आणल्या. तेव्हापासून बोटी गोदामात आणि सामान रस्त्यावर आहे.

पांढरी बोट सबंध फायबरची. जड आणि सुस्त. निळी हलकी आणि वेगवान. तिच्या फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरलेले आहे. हा भेद ते प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतात. "पांढरी म्हंजी भाकर. निळी म्हंजी पुरणपोळी. लई भारी, पर पाणी शिरलं की पुरण नासलं."

"आप्पा, खिळे द्या," गिऱ्हाईक म्हणते.

त्यांची थोरली बहीण गंगाक्का गोदाकाठच्या खेड्यात एकटी राहते. आप्पांच्या मुलाच्या लग्नात तिला दुसऱ्या पंगतीत बसवले गेले. तेव्हापासून ती आप्पांशी बोलत नाही. मागच्या पुरात सरकारी बोट दाराशी आली. "माझे गुडघे मोडत न्हाईत, मी खाली बसणार न्हाई," असे सांगून तिने ती परत पाठवली आणि घराच्या माळवदाच्या छतावर रात्र काढली. आप्पांनी बोटी घेतल्या त्या यानंतर. विचारले तर म्हणतात, "गावासाठी हायत. तिचा काय संबंध?"

पाऊस लागण्यापूर्वी एक बोट नदीकाठी न्यायची होती. निळीत शिरून त्यांनी आतला तळ वाजवायला घेतला. टक, टक, टक. मधोमध आवाज बसला. भद्द. तेथे बोल्टची चार भोके होती. कडा उघड्याच, गोदामाच्या गळक्या पत्र्याचे पाणी त्यांतून मुरून आतले लाकूड कुजले होते.

"ही कोणी पाडली?"

"मीच."

"कडा रेझिनच्या चिकट लेपाने बंद का केल्या नाहीत?"

"घाई झाली, सर."

"कशाची?"

त्यांनी कोपऱ्यातले पोते बाजूला केले. खाली हातांची लोखंडी खुर्ची होती. गादी नवी होती.

"यंदा पयली तीच बसंल," ते हातोडीकडे पाहत म्हणाले. "बाकीचे मागून."

मी म्हणालो, "पांढरी घ्या. तिच्या पोटात कुजायला काही नाही."

"सावकाश जाती, सर."

"पोचते."

दुपारपर्यंत खुर्ची पांढरीत बसली. आप्पांनी ती वाजवली, कान लावला. मग गादीवरची धूळ झटकली. मी चारही बोल्टभोवती रेझिन भरले, घरी आलो आणि रॉकेलने हात धुतले.