राऊतचं चौथं उत्तर

राऊतला चहा विचारला तर तो हो किंवा नाही म्हणत नसे. "हो म्हटलं तर तू साखरेचं विचारणार," तो म्हणे. "नाही म्हटलं तर कारण विचारणार. दोन्हीकडचं पुढचं पान तयार आहे का तुझ्याकडे?" तोवर चहावाला वालीव नाक्यापर्यंत पोचलेला असे.

आमची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी पत्र्याचे डबे करणाऱ्या एका गाळ्याच्या वर होती. साइट बनवण्याआधी गिऱ्हाइकाला कच्चा नमुना दाखवायचा, हे राऊतचं आणि माझं काम. मी पानांची यादी करायचो. राऊत एकेक पान कागदावर काढून भिंतीला लावायचा आणि फॉर्ममधलं कुठलं उत्तर निवडलं की माणूस कुठल्या पानावर जाईल, ते दोऱ्याने जोडायचा. दोरा होळी गावातल्या त्याच्या घरच्या वाडीतल्या केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा. गिऱ्हाइकं माझी यादी घडी करून खिशात घालत आणि त्या भिंतीसमोर अर्धा अर्धा तास उभी राहत. एकाने तर मुद्दाम कॅमेरा आणून फोटो काढला. माझ्या यादीचा फोटो कुणीही काढला नाही.

पुढे कंपनीच्या मालकांनी, आमच्या सरांनी सांगितलं, दोघांपैकी एकाला या कामाचा प्रमुख करायचं आहे. विवाह मंडळाच्या साइटवरून ठरवू. मी तीन दिवस राऊतच्या भिंतीत चूक शोधत होतो. शेवटी सापडली. 'वैवाहिक स्थिती' या प्रश्नाला मंडळाने तीन उत्तरं दिली होती: अविवाहित, घटस्फोटित, विधुर किंवा विधवा. राऊतने चौथं घातलं होतं: 'सांगता येत नाही'. तिथला दोरा एका पानाला बांधला होता. पानावर एवढंच, 'हरकत नाही, बसा.' तिथून पुढे दोरा नव्हता.

मी ते सरांना दाखवलं. "पुढचं पान तयार नाही, राऊत," मी म्हणालो. त्याचंच वाक्य त्याला ऐकवताना मला बरं वाटलं.

सरांनी विचारलं, असं उत्तर देणारा माणूस असतो कुठे?

राऊत भिंतीकडे बघत म्हणाला, "माझी बायको नऊ वर्षांपूर्वी माहेरी गेली, सर. परत आली नाही. सोडचिठ्ठीही झाली नाही. मी काय निवडायचं?"

खाली डबे ठोकण्याचा आवाज चालू होता. सर म्हणाले, मंडळाने तीनच दिलीत, तर तीनच ठेवू.

जागा मला मिळाली. पहिलं काम ते उत्तर काढण्याचं. मी पान ओढलं तसे शेजारचे दोरे सैल झाले आणि कुठला कुठे जात होता ते कळेना. राऊत आपली खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. कुठली गाठ सोडायची ते बोटाने दाखवत गेला.

"हळू सोड," म्हणाला. "बाकीच्यांची वाट मोडायला नको."