गवत चाखणारी भागूअक्का

आमच्या गल्लीतली भागूअक्का गवत खायची. औषध म्हणून नव्हे, नवस म्हणूनही नव्हे. गाईंना चालेल का ते बघायला. वृषभावतीकाठच्या कुरणात उकिडवं बसायचं, काडी चावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल बहुधा एकच: ‘‘आगल्ला!’’ म्हणजे, होणार नाही. बाकी सगळं ती मराठीत बोले, नकार तेवढा कानडीत. ‘‘मराठीत नाही म्हटलं की माणसं समजूत घालायला बसतात,’’ म्हणायची.

विधानसौधाचं बांधकाम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. बेंगळूरच्या आमच्या टोकाला घरोघरी गाय असे. गौरी-गणपतीनंतर नदीला पूर आला आणि कुरणावर वीतभर गाळ बसला. तीन आठवड्यांत त्यातून हिरवे कोंब वर आले. गोठ्यात गाई हंबरत होत्या. सगळे त्यांना घेऊन निघाले. वाटेवर अक्का काठी आडवी धरून उभी.

‘‘आगल्ला! मुळं धरली नाहीत अजून. गाय ओढेल ते मुळासकट येईल. खूर रुतेल तिथं डबकं होईल.’’

गल्लीचे पुढारी रामोजीअण्णा भडकले. ‘‘कुरण काय तुझ्या बापाचं गं?’’

‘‘बापाचं असतं तर कधीच विकून खाल्लं असतं त्यानं!’’

मी मवाळपणे म्हणालो, ‘‘अक्का, स्वल्प चरू दे की.’’

‘‘स्वल्प? मग तुझ्या गाईला सांग, खूरही स्वल्पच रुतव म्हणावं!’’

अण्णांनी हट्टानं दोन गाई घुसवल्याच. गाळ माखलेलं गवत खाऊन दोघींची पोटं बिघडली, आणि त्यांच्या खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचून तेवढा तुकडा बोडका राहिला. मग आम्ही मुकाट लांबच्या माळावर जाऊ लागलो. मुकाट म्हणजे, अक्काला ऐकू जाणार नाहीत अशा शिव्या देत. ती रोज तिथंच, उन्हात.

तुळशीचं लग्न झालं. एका सकाळी तिनं काडी चावली, आणखी एक चावली, हरळीची मूठ धरून हिसका दिला. हरळी हलली नाही.

‘‘चालेल. सोडा.’’

गाई आत शिरल्या. अक्काची गाय दिसेना. मी विचारलं, ‘‘तुझी गोदी कुठंय? लेकीकडे ठेवलीस का?’’

‘‘पुरात गेली ती.’’

दीड महिना आम्ही तिला शिव्या घातल्या होत्या, आणि एकानंही तिच्या गोठ्यात डोकावलं नव्हतं. ती आमच्या गाईच्या गळ्याखाली हात फिरवत होती. जन्मात कुणाला काही न विचारणारी अक्का मग खालच्या आवाजात म्हणाली,

‘‘हिला आज मी चारून आणू?’’

मी दावं तिच्या हातात दिलं.