थेट उन्हाची अंजिरं

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे बरं का, दुसऱ्याच कुठल्या तरी जंगलात, अंजिराचं एक भलंमोठं झाड होतं. आपल्या जंगलात असलं काही घडत नाही. घडलं तरी आपण ते गोष्टीत सांगत नाही. तेव्हा मुलांनो, मांडी घालून बसा आणि मधेमधे एकमेकांकडे बघून हसू नका.

त्या झाडावर नारबा नावाचा हरियल राहायचा. हरियल म्हणजे हिरवं कबूतर, पायांत पिवळे मोजे घातल्यासारखं दिसणारं. नारबाकडे बापजाद्यांपासून एक काम चालत आलं होतं. अंजिरं पिकली की ते त्यानं सांगायचं. तो सांगेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही. मग पहिलं फळ राजाचं आणि बाकीची सगळ्यांची.

नारबाची पारख साधी होती. कच्च्या अंजिराची मान ताठ असते. आत साखर भरली की ते जड होतं आणि मान खाली घालतं, म्हणजे लवतं. नारबा रोज सकाळी फांदीफांदीवर फिरून माना बघायचा आणि ओरडायचा, "आज नाही!" असं महिना महिना चालायचं. मग एके दिवशी "लवली रे लवली!" अशी आरोळी आली की अख्खं जंगल धावत सुटायचं.

त्या वर्षी नारबाला दोन पिल्लं झाली होती. हरियलाचं घरटं ते काय, चार काड्या. खालून बघितलं तर आरपार आभाळ दिसतं. पण वर अंजिराची पानं होती, पंज्याएवढी, खरखरीत आणि दाट. चैत्राचं ऊन तिथंच अडायचं. नारबाची बायको हौसा म्हणायची, "घराला भिंती नसल्या तरी चालतं हो. छप्पर पाहिजे."

आता राजाकडे चला. राजा होता सिंह. सिंह अंजीर खातो का, असं कोण विचारतंय रे तिकडून? खातो! राजानं काय खायचं ते राजा नाही ठरवत, दिवाण ठरवतो. आणि दिवाण होता कोल्होबा.

कोल्होबानं जाहीर करून टाकलं होतं की महाराजांच्या राज्यारोहणाचा सोहळा यंदा अंजिरं वाटून होणार. दिवस ठरला. हत्तींना आवतण गेलं. शेजारच्या जंगलातला वाघही येतो म्हणाला. सगळ्यांना विचारून झालं, फक्त अंजिरांना विचारायचं राहिलं.

सोहळा दहा दिवसांवर आला तेव्हा कोल्होबा झाडाखाली येऊन उभा राहिला.

"काय नारबा, कुठवर आलंय?"

"आज नाही."

"ते ऐकलं मी सकाळी. दहा दिवसांत?"

"नाही व्हायचं, दिवाणजी. यंदा थंडी लांबली. अजून महिनाभर ऊन लागायला हवं."

"ऊन तर रग्गड पडतंय! मग जातं कुठं ते?"

इथं नारबा चुकला. गप्प बसायचं सोडून त्यानं खरं ते समजावून सांगितलं. म्हणाला, "ऊन पानं घेतात ना. त्या उन्हावर साखर करतात आणि देठातून हळूहळू फळाला पाठवतात. शिवाय फळ भाजू नये म्हणून वर सावली धरतात."

कोल्होबाचे कान टवकारले. "सगळं ऊन पानंच घेतात?"

"अहो, घेतात म्हणजे..."

"आणि फळाला पाठवतात हळूहळू?"

"हो, पण..."

"आणि वर फळाला सावलीत दडवून ठेवतात! म्हणजे बिचाऱ्याला कळूच नये की आपल्या नावानं किती ऊन येतंय! वा रे नारबा. मोठंच प्रकरण बाहेर काढलंस तू."



दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. महाराजांची थेट ऊन योजना! मधली पानं हटवा, फळाला ऊन भेटवा! सशांनी तर डोळे पुसले. "अरेरे, किती वर्षं सोसलं हो त्या अंजिरांनी!" ज्यांना काल अंजिराचं पान आणि पळसाचं पान वेगळं सांगता आलं नसतं, ते आज पानांच्या नावानं बोटं मोडायला लागले.

पानं तोडायचं काम वानरांना मिळालं. त्यांचा मुकादम हुप्पाजी. नारबा त्याच्यापुढे जाऊन हात जोडायचे तसे पंख जोडून म्हणाला, "हुप्पाजी, निदान घरट्यावरची चार पानं राहू द्या. पिल्लांना अजून पिसं फुटली नाहीत."

"माझ्या हातात असतं तर ठेवली असती रे," हुप्पाजी म्हणाला. "पण चार पानांना सूट दिली की उद्या चिमण्याही मागतील." बोलता बोलता त्यानं ती चार पानंही तोडली.

अंजिराचा चीक वाईट. त्यात ऊन लागलं की अंगाची आग होते. वानरांच्या हातांवर फोड आले आणि ती अंग खाजवत थयथय उड्या मारू लागली. कावळ्यानं लगेच बातमी फिरवली, "योजनेच्या आनंदात वानरांचं नृत्य!"

वरती घरट्यावर ऊन थेट पोचलं. हौसा सकाळपासून पिल्लांवर पंख पसरून बसायची, ती सूर्य कलेपर्यंत. नारबा चोचीतून थेंब थेंब पाणी आणायचा. पाचव्या दिवशी हौसाची चोच उघडी राहिली ती मिटेचना. आठव्या दिवशी धाकट्या पिल्लानं चारा घेणं सोडलं.

अंजिरं मात्र एका अंगानं लालेलाल झाली. "बघ!" कोल्होबा म्हणाला. नारबानं बघितलं. सगळ्या माना ताठ. "ती भाजलीत, दिवाणजी. आत साखर नाही." पण लाल रंग तर सगळ्यांना दिसत होता. साखर कुणाला दिसते?

सोहळ्याच्या दिवशी महाराजांनी पहिलं अंजीर तोंडात टाकलं. आत नुसता चोथा आणि चीक. महाराजांचे ओठ हळूहळू सुजायला लागले. पण शेजारचा वाघ बघत होता, त्यामुळे महाराज चावत राहिले.

"अमृत!" कोल्होबा ओरडला. "अमृत, अमृत!" म्हणत सगळ्यांनी एकेक अंजीर गिळलं.

वाघ बेरकी होता. तो म्हणाला, "तुमच्याकडे एक हरियल आहे म्हणे. तो लवली म्हणाला तरच फळ पिकलं असं समजतात. त्याला बोलवा की."

कोल्होबा नारबाजवळ गेला आणि मायेनं कानात म्हणाला, "नदीकाठच्या उंबराची दाट फांदी रिकामी आहे. हो म्हटलंस तर संध्याकाळी पिल्लं सावलीत. नाही म्हटलंस तर बायको आहेच पंख धरायला."

नारबानं वर पाहिलं. उघडंबोडकं झाड. त्यावर पंख पसरलेली हौसा. ती त्याच्याकडेच बघत होती. अंजिरांच्या माना ताठच होत्या. नारबानं आपली मान खाली घातली आणि जन्मात पहिल्यांदा खोटं ओरडला, "लवली रे लवली!"

हसू नका. तुम्हाला पिल्लं नाहीत अजून.

शब्दाला जागून कोल्होबानं त्याच संध्याकाळी त्यांना उंबरावर हलवलं. तिथं अशी गार, घनदाट सावली होती की काय सांगू! दहा दिवसांनी हौसानं पंख मिटले. धाकट्यानं चाऱ्यासाठी चोच उघडली. नारबा निवांत झोपला.

सकाळी त्याला हुपहुप ऐकू आलं. खाली कोल्होबा उभा होता. हातांना चिखल थापलेली वानरं मागे होतीच.

"अभिनंदन नारबा! तू स्वतः ग्वाही दिलीस म्हणून महाराजांनी योजना सगळ्या जंगलाला लागू केली. वड, पिंपळ, उंबर, सगळ्यांना! म्हटलं, मुहूर्त तुझ्याच झाडापासून करावा."

हुप्पाजीनं वरच्या फांदीचं पहिलं पान तोडलंसुद्धा. हौसानं पुन्हा पंख पसरले.

"थांबा!" नारबा किंचाळला. "खोटं बोललो मी! कच्ची होती ती अंजिरं, भाजलेली होती!"

कोल्होबानं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "असं कसं होईल नारबा? अख्ख्या जंगलाला ठाऊक आहे, तू कधी खोटं बोलत नाहीस."

तात्पर्य: नेहमी खरंच बोलावं, म्हणजे एकदा बोललेलं खोटं कुणालाही खोडून काढता येत नाही, आपल्यालासुद्धा. आणि खोटं बोलायचंच झालं तर सावलीचं झाड शेजारच्या जंगलात बघून ठेवावं, असं मी म्हणणार होतो. पण वाघ जाताना योजना लिहून घेऊन गेला आहे. तो कुठल्या जंगलातला होता ते विचारू नका. आपल्या डोक्यावर पानं आहेत का, तेवढं बघा आणि झोपा.