मुरलेला अर्ज

एका जंगलात, मुलांनो, पाणी भरपूर होतं आणि घाई कुणालाच नव्हती. हसू नका रे, असतात अशी जंगलं.

त्या जंगलात काटेराव नावाचं एक साळिंदर नदी ओलांडून आलं. पलीकडचं त्याचं रान वाळून गेलं होतं. तिथे त्याची म्हातारी आई एकटीच मागे राहिली होती. इकडे नियम असा, की आईला आणायचं तर आधी आपण या जंगलाचं नागरिक व्हायचं.

म्हणून काटेराव घोरपडबाईंकडे गेला. नागरिकत्व देणं त्यांच्या हातात. एका सपाट दगडावर त्या बसायच्या. बसल्या त्या बसल्याच! घोरपडच ती, धरलेली जागा सोडते होय?

"बाई, अर्ज करायचाय. आईला आणायचंय."

"केलास ना? आता मुरू दे," घोरपडबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"किती दिवस?"

"लोणच्याला विचारतोस का कधी? रोज सकाळी येऊन तोंड दाखवून जायचं."

काटेराव रोज तोंड दाखवू लागला. उन्हाळ्यात टिटवी आईचा निरोप घेऊन आली. "दात हलायला लागलेत. तिकडे मऊ कंद मिळतात म्हणे?"

"मिळतात म्हणावं. आलोच न्यायला!" काटेराव म्हणाला.

पण नुसतं तोंड दाखवून दिवस कसा जाणार? काटेराव इथली बोली शिकला. इथल्या डासांना इथल्या शिव्या देऊ लागला. मुंगसाच्या घरी सासूसुनेचं वाजलं की मिटवायला काटेरावच. जत्रेत सगळ्यांच्या पुढे नाचायलाही तोच. बाकीचे जरा लांबूनच टाळ्या वाजवायचे, काटे ना!

एकदा नदीकाठी एक नवखा ससा दिसला. तर हाच काटेराव मुंगसाला म्हणतो, "काय मेली गर्दी! बाहेरून येतात आणि आपले कंद संपवतात." आपले, बरं का!

किती उन्हाळे गेले, कुणी मोजले नाहीत. टिटवी पुन्हा आली. "दात पडले. कंद राहू दे. तुझं तोंड एकदा दाखव."

काटेराव त्या दिवशी जेवला नाही. रोज तोंड दाखवत होता बिचारा, पण भलतीकडेच.

तो तडक दगडापाशी गेला. "बाई, आता तरी!"

घोरपडबाईंनी एक डोळा उघडला. अर्ज हुंगल्यासारखं केलं. "हं. मुरलाय. आता साक्षीदार आण. तू बाहेरून आलास, हे ज्यांनी पाहिलंय असे."

साक्षीदारांना काय तोटा? काटेरावावर सगळ्यांचा जीव. मुंगूस धावत आलं, म्हातारे गवेकाका डुलत डुलत आले.

"हा बाहेरचा?" मुंगसानं छाती ठोकली. "कोण म्हणतो? जीभ हासडून ठेवीन! हा इथलाच. माझ्याबरोबर वाढलाय."

"याच्या आजोबांच्या मांडीवर खेळलोय मी," गवेकाका म्हणाले. गवेकाका केवढे, साळिंदराची मांडी केवढी! पण प्रेम आलं की माप कोण काढतो?

काटेराव घसा फोडून ओरडला, "अहो, असं काय करता? मी बाहेरचा आहे!"

"बघा बाई, थट्टासुद्धा इथल्यासारखीच करतो," मुंगूस म्हणालं आणि त्याचे डोळे भरून आले.

घोरपडबाईंनी निकाल दिला. "नागरिकत्व बाहेरून आलेल्याला देतात. तू तर इथलाच. अर्ज नामंजूर."

"म्हणजे मी नागरिक झालो?"

"अर्ज नामंजूर झालेला नागरिक कसा असेल?"

"मग माझ्या आईचं काय?"

"इथल्याची आई इथलीच असते. जी इथेच आहे, तिला आणणार कुठून?" आणि त्यांनी डोळा मिटला.

साक्षीदारांनी मात्र काटेरावाला पेढा मागितला. आपण त्याचं केवढं भलं केलं, असं त्यांना वाटत होतं.

काटेराव रडत रडत नदीकडे निघाला. बघतो तर काय! नदीच्या मधल्या बेटावर आई बसलेली.

"आई! इथवर कशी आलीस?"

"चालत. पाणी गुडघ्याएवढंच आहे की."

"कुणी अडवलं नाही?"

"मी कुणाला विचारलंच नाही."

"मग इतकी वर्षं का नाही आलीस गं?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणाला होतास ना, आलोच न्यायला."

काटेराव तिथेच बीळ खणू लागला. ते बेट ना इकडचं होतं, ना तिकडचं. तिथे कंद होते. काटेराव ते चावून मऊ करी आणि आईला भरवी.

थोड्या दिवसांनी तोच ससा भिजत, कुडकुडत बेटावर आला. "काका, राहू का इथे?"

काटेराव आजूबाजूला बघू लागला. एक सपाट दगड दिसला. त्यावर तो ऐसपैस बसला. डोळे मिटले.

"अर्ज कर," तो म्हणाला. "आणि मुरू दे."

"मेल्या!" आई बिळातून कडाडली. "दात असते ना माझे, तर कडकडून चावले असते तुला!"

तात्पर्य: सबुरीचं फळ गोडच असतं, मुलांनो. ते खाण्यापुरते दात तेवढे जपून ठेवावेत. आणि कुठे सपाट दगड रिकामा दिसला, तर दुसरा कुणी यायच्या आत बसून घ्यावं.