न्हायमामाची खिरापत

आमच्या गल्लीत एक माणूस डबा हनुवटीला लावून वाजवायचा. खरंच सांगते! सहा फूट उंच माणूस, डोळे मिटलेले, पितळी डबा हनुवटीला टेकवलेला आणि हात खुळखुळ, खुळखुळ. मग झाकण उघडायचं, आतल्या दोन शंकरपाळ्या काढायच्या, काढल्या म्हणून खायच्या, त्यांच्या जागी एक चिंधी कोंबायची आणि परत डबा हनुवटीला. दुपारभर हेच. संध्याकाळी डब्यात शंकरपाळ्या कमी आणि चिंध्या जास्त.

हे आमचे दत्तूमामा. मामा सगळ्या गल्लीचे, नात्यानं कुणाचेच नाहीत. पण मंगळवार पेठेत दत्तूमामा कोण असं विचारलंत तर कुणी सांगणार नाही. न्हायमामा म्हणा, शेंबडं पोरगं घरापर्यंत आणून सोडेल. कारण मामा कशालाही 'न्हाय' म्हणायचे. आणि ते नुसतं म्हणणं नाही, बंदुकीचा बार!

आई दारातनं विचारायची, "मामा, जेवलासा काय?"

"न्हाय!"

झालं, आईनं भाकरी-आमटी पाठवली. पलीकडच्या काकूंनी विचारलं, तिकडनंही ताट. एका दुपारी तर तीन घरांतनं तीन ताटं गेली आणि मामांनी तिन्ही संपवली. एकदा एका परगावच्या माणसानं विचारलं, "पावणं, ह्यो रस्ता रंकाळ्याला जातोय न्हवं?" मामा म्हणाले, "न्हाय!" तो बिचारा मागं वळून उलट्या दिशेनं चालत गेला. रस्ता रंकाळ्यालाच जात होता हो! कुठं पोचला असेल देव जाणे.

त्यांच्या खिडकीत एक ट्रान्झिस्टर असायचा. त्याचं स्टेशन कधी लागलेलंच नसायचं, दिवसभर नुसती खरखर. मामा त्यावर तळहात ठेवून मान डोलवत बसायचे. आम्हाला वाटायचं, हेकट माणूस, मुद्दाम गल्लीला छळतोय.

मामा बावीस वर्षं कबनूरला मागावर जॉबर होते. म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारे. नोकरी सोडून कोल्हापूरला आले तरी तोंडातनं धागा सुटला नाही. आम्ही पोरी फेर धरताना हात सोडला की ओरडायचे, "धागा तुटला! धागा तुटला!" शंकरपाळ्या कापायचे ते पट्टी लावून. एक जरी वाकडी निघाली तर म्हणायचे, "ही दुसऱ्या मागाची हाय," आणि तोंडात टाकायचे.

आता हादगा ज्यांना माहीत नाही त्यांना पटकन सांगून टाकते. आश्विनात सोळा दिवस असतो. भिंतीवर हत्तीचं चित्र लावायचं, त्यावर फुलांच्या, फळांच्या, चिरमुऱ्यांच्या माळा सोडायच्या, पोरींनी समोर फेर धरून गाणी म्हणायची. आणि शेवटी खिरापत! पण खिरापत अशी सुखासुखी मिळत नाही. डबा बंद. घरातल्या माणसानं तो वाजवायचा आणि आम्ही आवाजावरनं ओळखायचं आत काय आहे ते. आमच्या गल्लीत सोळा दिवसांची सोळा घरं ठरलेली होती. जी ओळखेल तिला पहिली मूठ, मग बाकीच्यांना. कुणालाच ओळखता आलं नाही तर पहिली मूठ घरच्या माणसाची. ह्या पहिल्या मुठीवरनं आमच्यात वेण्या ओढण्यापर्यंत मजल जायची.

नववा दिवस मामांचा. खरं तर तो मामींचा होता. मामी गेल्या त्या वर्षी बायका समजूत घालायला आल्या, "मामा, घरात बाईमाणूस न्हाय. तुमचा दिवस दुसऱ्या घराला देऊया काय?"

"न्हाय!"

आणि त्या वर्षापासनं सगळं स्वतः करायला लागले. हत्ती स्वतः काढायचे. तो म्हशीसारखा दिसायचा, पण सोंड इतकी सुरेख की माफ. तोरणाला मागावरचं रंगीत उरलंसुरलं सूत, त्यात भोपळ्याच्या बिया, कागदाचे पोपट, मधेमधे हादग्याची फुलं. आम्हाला आदल्या रविवारी बोलावून पोपट कापायला बसवायचे. मला कात्री नीट धरायला कुणी शिकवली? मामांनी. पाक दोन तारी झाला हे चमच्यावरनं ओळखायला? तेही त्यांनीच. मामा सांगायचे, "कात्री हालवू नगंस. कागद हालीव."

आणि खेळ मात्र त्यांच्यात, म्हणजे त्यांच्या घरी, माडीवरच. लाकडी तक्तपोशीची माडी, आम्ही वीस-बावीस पोरी धाड धाड नाचणार, खालच्या चुलीवर माती पडणार. बायका म्हणायच्या, अंगणात खेळा की. मामांचं उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

पण खरी भानगड खिरापतीची. मामांचा डबा म्हणजे परीक्षाच! एका वर्षी चिरमुऱ्याचे लाडू कापसात गुंडाळून ठेवले. डबा वाजेचना. आम्ही म्हटलं, रिकामा हाय. एका वर्षी पुऱ्यांच्या मधोमध मागाची लाकडी कांडी, सूत गुंडाळतात ती, उभी करून ठेवली. नुसतं टॉक टॉक. आम्ही सुपारीपर्यंत जाऊन आलो.

आमच्यात शोभाक्का नावाची मोठी पोरगी होती. तिचे कान म्हणजे कान! राजगिऱ्याच्या लाह्या आणि मक्याच्या लाह्या ती जिन्यातनं ओळखायची. एका वर्षी मामांनी डबा वाजवला आणि शोभाक्का पोरींच्या घोळक्यात ताठ उभी राहून म्हणाली, "शंकरपाळी!"

"न्हाय!"

मग आम्ही सगळ्या तुटून पडलो. चिक्की! न्हाय. कडाकणी! न्हाय. खोबऱ्याची वडी! न्हाय. घसे बसले. शेवटी हरलो म्हणून हात वर केले. मामांनी झाकण उघडलं. आत काय? शंकरपाळी! पट्टी लावून कापलेली!

"मामा, शोभाक्का म्हणाली की!" आम्ही सगळ्या एकदम किंचाळलो. मामा हसत होते. छाती फुगवून त्यांनी पहिली मूठ स्वतः घेतली आणि डोळे मिटून खाल्ली. शोभाक्का जिन्यात बसून रडली. पुढच्या वर्षी ती मामांच्यात आलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मुरगूडला गेली. पण मामांचं चालूच. परत कुणीतरी बरोबर ओळखलं, परत 'न्हाय', परत तीच मूठ. मामा रडी खेळतात हे आता सगळ्या पोरींत पक्कं झालं.

मी आठवीत होते तेव्हा मीच पुढारी झाले. सातव्या दिवशी ठराव केला, ह्या साली मामांच्यात जायचं न्हाय. एका आवाजात पास!

"पण सांगायचं कुणी?"

"मी सांगतो जाऊन," मी म्हटलं. आमच्याकडं पोरीही 'सांगतो, जातो'च म्हणतात.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तरातरा मामांच्या माडीवर गेले. मामा पाठमोरे बसले होते. भिंतीवर म्हशीसारखा हत्ती, त्यावर सुताची तोरणं. जमिनीवर घरातली होती नव्हती ती सगळी बसकुरं मांडलेली, पोती घडी घालून, मामींचं जुनं लुगडं चौपदरी करून. मी मोजली नाहीत, पण आम्हा सगळ्यांना पुरून उरली असती. मामा डबा हनुवटीला लावून खुळखुळवत होते.

मी डोळे मिटून एका दमात बोलून टाकलं, "मामा, आम्ही ह्या साली तुमच्यात येणार न्हाय. तुमी रडी खेळतासा."

खुळखुळ, खुळखुळ.

मला वाटलं रागावले. मोठ्यानं म्हटलं, "मामा! आम्ही येणार न्हाय!"

मामांनी झाकण काढलं, एक चिंधी आत घातली, झाकण लावलं. गुणगुणत होते. मग सहज मागं वळले आणि मला बघून तोंडभर हसले.

"आलीस व्हय मंदे! डोळं झाक आधी! डबा बघायचा न्हाय!"

आणि परत पाठ करून डबा लुगड्याखाली लपवायला लागले. मी त्यांच्या पाठीला हळूच म्हटलं, "मामा, डब्यात कडाकणी हाय."

काही नाही.

"मामा, माडीला आग लागलीय."

गुणगुणणं चालूच. आणि मग मला एकदम सगळं दिसलं हो! तो हनुवटीला टेकवलेला डबा, तो खरखरणारा ट्रान्झिस्टर, ती तीन ताटं, रंकाळ्याचा पाव्हणा, आणि वीस पोरींनी एकदम तोंड उघडल्यावर ह्या माणसाला दिसणारी नुसती वीस उघडी तोंडं. मामा वळले तेव्हा मी रडत होते.

"काय झालं गं? कुणी मारलं?"

मी समोर जाऊन सावकाश म्हटलं, "मामा, तुमाला ऐकू येत न्हाय."

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा 'न्हाय' इतका बारीक ऐकला. नाकारतायत की कबूल करतायत, मला कळेना. मग ते पोत्यावर बसले.

"मागावर बावीस वर्षं काढली. त्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू जात न्हाय, सगळी ओठावरनंच बोलत्यात. समोर एक माणूस असला की कळतंय मला. चार झाली की धागं गुततात."

"मग सगळ्याला न्हाय का म्हणता?"

"व्हय म्हटलं की माणूस फुडं इचारतंय. न्हाय म्हटलं की गप जातंय."

मला हसू आलं, रडता रडता. त्यांनाही आलं. मग लाकडी जमिनीवर तळहात टेकवून म्हणाले, "तुमी नाचता तवा हितं लागतंय हाताला. कुठलं गाणं चाललंय ते बी कळतंय. अंगणात कळत न्हाय. कुणाला सांगू नगंस, मंदे. बहिऱ्याच्यात कोण पोरी येणार गाणी म्हणायला?"

मी खाली गेले. सगळ्या कोपऱ्यावर वाट बघत होत्या.

"सांगितलंस?"

"व्हय."

"काय म्हणाले?"

"न्हाय म्हणाले."

"म्हंजे?"

"म्हंजे आपल्याला यायलाच लागतंय. आणि आता नवा नियम हाय. एका वेळी एकीनंच ओळखायचं, मामांच्या म्होरं उभं राहून, नीट. गलका केला की बाद."

कुरकुर झाली, पण गेल्या. खिरापत सोडून घरी जायला कुणाचाच पाय निघत नव्हता ना! माडी दणाणली. मामा कोपऱ्यात बसून, हात जमिनीवर ठेवून आमच्याकडं बघत होते. मग डबा वाजला आणि एकेक पोरगी पुढं जाऊ लागली. चिक्की? न्हाय. पुऱ्या? न्हाय. चौथीतली कुसुम पुढं गेली, मान वर करून मामांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "कडाकणी?"

मामा थांबले. "परत म्हण."

"क-डा-क-णी."

"व्हय!"

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! खालनं बायका जिन्यात आल्या, काय पडलं म्हणून. कुसुमला पहिली मूठ मिळाली. तिच्या दोन मुठींएवढी एक मामांची मूठ!

सगळ्या खाण्यात गुंगल्यावर मामा माझ्यासमोर येऊन बसले. माझ्या ओठांवर नजर लावून म्हणाले, "मंदे, खरं सांग. आदीबी कुणी ओळखलंतं काय?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ते इतकं निरखून बघत होते की जमलं नाही.

"शोभाक्कानं. शंकरपाळी. आणि मागल्या साली आणखी एकीनं."

मागल्या वर्षीची आमच्यातच बसली होती, मी बोट दाखवलं. मामा उठले, तिच्या फ्रॉकच्या ओच्यात गच्च मूठ घातली. तिला काही समजलं नाही, तिनं खाल्लं.

रविवारी सकाळी आमच्या दारात हजर. धुतलेला सदरा, टोपी, काखेत डबा.

"मंदीला धाडा माझ्यासंगं. मुरगूडला जायाचं हाय."

"आज काय काढलंसा?" आईनं विचारलं. मामांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि उत्तर दिलं, "शोभीचं राहिलंय माझ्याकडं." मामांनी एवढं लांब उत्तर तिला कधी दिलं नव्हतं.

एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले होते. पूर्ण रस्ताभर एकदाही वाजवला नाही.

शोभाक्का कडेवर तान्हं घेऊन दारात आली. मामांना बघून आधी हसली, मग डब्याकडं नजर गेली आणि तिचं तोंड बारीक झालं. मागं तिची सासू, दोन जावा येऊन उभ्या राहिल्या.

"या की आत, मामा."

मामा पायरीखालीच थांबले. डबा वर धरला आणि खुळखुळ वाजवला. आत चिंधी नव्हती, कांडी नव्हती. स्वच्छ आवाज आला.

"आता काय आणि, मामा? परत रडी?" शोभाक्का म्हणाली.

मी मधे पडणार होते, पण मामांनी मला हातानं मागं केलं. आणि त्या सगळ्या परक्या बायकांसमोर, त्यांच्या नेहमीच्या बंदुकीच्या आवाजात म्हणाले, "शोभे, मला ऐकू येत न्हाय. तवाबी येत नव्हतं. माझ्याकडं तोंड करून परत एकदा म्हण."

तान्हं शोभाक्काच्या मंगळसूत्राशी खेळत होतं, त्याचा हात तिनं बाजूला केला आणि एक पायरी खाली उतरली.

"शंकरपाळी," ती म्हणाली.

मामांनी शब्द पुरा होईपर्यंत पाहिला.

"व्हय," ते म्हणाले. "बरोबर हाय. तवाबी बरोबरच हुतं."

आणि झाकण उघडून त्यांनी मूठ भरली. शोभाक्कानं पदर पुढं केला.