नकल चालू असताना

मनोजने फोनचा रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवला, कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावर कागद चिकटवला : ‘नकल चालू आहे. नोंदींना हात लावू नये.’ टेमघरच्या वधूवर मंडळात गेल्या महिन्यापासून दर रविवारी दहाच्या ठोक्याला हा विधी चालला होता. एरवी मनोज पडघ्याच्या एका गोदामात सुपरवायझर. माल हलत असताना मोजायचा नाही, हा तिथला त्याचा नियम. तोच त्याने इथेही आणला होता.

मंडळातल्या स्थळांचे तीन कप्पे होते : जमले, नवीन आणि बोलणी चालू. कॉम्प्युटर म्हातारा, त्यात प्रत्येक स्थळाचे चार-चार फोटो. याच क्रमाने एकामागून एक तिन्ही कप्पे पेनड्राइव्हवर उतरायला मिळून अर्धा तास लागायचा.

“माई, या अर्ध्या तासात एखादी नोंद इकडची तिकडे केलीत, तर सगळा घोळ होतो,” मनोज म्हणाला.

“अरे, दहादा सांगितलंस की,” माई म्हणाल्या. माई म्हणजे मंडळाचे अध्यक्ष दत्तोपंत सर यांच्या पत्नी. “तू जा, हॉलवर प्रोजेक्टर लाव. मी आहे ना इथे.”

हे शेवटचं वाक्य ऐकून खरं तर मनोजने थांबायला हवं होतं. पण अकराला मेळावा होता आणि सकाळपासून त्याचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. कारण स्थळांमध्ये तो स्वतःही होता. वय चौतीस, कप्पा ‘बोलणी चालू’. चार आठवड्यांपूर्वी तो कोन गावात हेमालीला पाहून आला होता. ती शाळेत गणित शिकवायची. माल मोजण्याचा नियम त्याने तिला सांगितला, तेव्हा ती मनापासून हसली होती. त्या हसण्यावर मनोजचे चार आठवडे निघाले होते. पुढे काहीच कळलं नाही. होकार असो की नकार, परस्पर द्यायचा नाही, रविवारी मंडळाच्या फोनवरच द्यायचा, असा दत्तोपंतांचा दंडक. चौथ्या रविवारीही उत्तर नाही आलं, तर नाव परत ‘नवीन’मध्ये. हा चौथा रविवार होता.

प्रोजेक्टर लावून मनोज साडेदहाला परतला, तेव्हा नकल पुरी झाली होती. माई हार आणायला रिक्षाने गेल्या होत्या आणि मोबाइल इथेच विसरल्या होत्या. मनोजने पेनड्राइव्ह काढला आणि लाइट गेली. आता मंडळाचा सगळा संसार त्याच्या खिशात होता. आपल्या नियमाचा त्याला फार अभिमान वाटला.

हॉलवर जनरेटर होता, त्यामुळे मेळावा अडला नाही; हॉल गच्च भरला. मनोजने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. एकेक फोटो पडद्यावर येऊ लागला आणि दत्तोपंत मास्तरकीतल्या आवाजात नावं वाचू लागले. ‘नवीन’मध्ये पडघ्याचा भाविक आला. टाळ्या झाल्या. मग ‘बोलणी चालू’ कप्पा उघडला आणि त्यातही भाविक आला, त्याच शर्टात. भाविकची आई जानकीबाई उठून उभी राहिली.

“आवो मास्तर, माझा पोरगा नवीन हाय का बोलनी चालू हाय?”

“दोन्ही दिसतंय,” दत्तोपंत म्हणाले.

“दोन्ही कसा आसंल? आनी कुनाशी बोलतोय तो? मला न्हाय ठावं.” तिने भाविककडे पाहिलं. भाविक खुर्चीत जमेल तितका खाली सरकला.

मनोजच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. ‘नवीन’ कप्पा उतरल्यावर माईंनी भाविकला तिथून उचलून ‘बोलणी चालू’मध्ये टाकलं होतं. तो तिसरा कप्पा नंतर उतरला, म्हणून भाविक दोन्हीकडे. माईंनी माल हलवला होता. मनोजने घाईघाईने आपलं नाव शोधलं. ‘बोलणी चालू’मध्ये नव्हतं. ‘नवीन’मध्ये नव्हतं. ‘जमले’मध्येही नव्हतं. सबंध मंडळात मनोज नावाचा माणूसच उरला नव्हता.

म्हणजे त्यालाही माईंनी हलवलं होतं, आधीच उतरून झालेल्या कप्प्यात. पण पहिल्या की दुसऱ्या? ‘जमले’मध्ये, की परत ‘नवीन’मध्ये? उत्तर बंद कॉम्प्युटरमध्ये आणि माईंच्या डोक्यात होतं. कॉम्प्युटरला लाइट नव्हती आणि माई कोन नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या.

“मनोज, पुढचा फोटो,” दत्तोपंत म्हणाले.

“सर, दोन मिनिटं,” म्हणत मनोज मंचावरून उतरला, माई आल्या का बघायला निघाला आणि दारात थेट हेमालीसमोर जाऊन उभा राहिला.

“तुमचं नाव काढलं ना यादीतून?” तिने विचारलं. “मीच सांगितलं माईंना, काढून टाका म्हणून.”

“बरं,” मनोज म्हणाला.

“बरं काय? लग्न जमल्यावर यादीत नाव ठेवतात का?”

मनोजला खूप, खूप आनंद झाला. पण सवय जाईना. “किती वाजता फोन केलात?” त्याने विचारलं.

“दहा वाजून दहा मिनिटांनी. आज लागला एकदाचा. गेले तीन रविवार मी फोनला चिकटून बसले होते. मंडळाच्या कार्डावर फोनची वेळ दहा ते साडेदहा छापलीय, तेवढ्या वेळात सारखा एंगेज. बाबा म्हणायला लागले, त्यांच्या मनात नसेल, सोडून दे. आजचा दिवस बघते म्हटलं.”

कार्ड मनोजनेच छापून घेतलं होतं. आपण त्या वेळेला ऑफिसात असतो म्हणून. आपला रिसीव्हरही तिथेच असतो, टेबलावर आडवा, हे त्याला आत्ता आठवलं.

इतक्यात हारांची पिशवी सावरत माई पोचल्या. मनोजचा चेहरा बघून त्या जागीच थांबल्या.

“तुझी पाटी वाचली होती रे मी. पण रिसीव्हर टेबलावर आडवा पडलेला दिसला, म्हणून उचलून जागेवर ठेवला, तर लगेच वाजला. एक हिचा आणि एक भाविकच्या स्थळाचा. दोनच नोंदी हलवल्या. काही बिघडलं का?”

“नाही माई,” मनोज म्हणाला.

हेमाली त्याच्याकडे बघत होती. गणिताची बाई ती, तिला हिशेब लागायला वेळ लागला नाही.

“रिसीव्हर कोणी काढून ठेवला होता?” तिने विचारलं.

मनोज वळला आणि दत्तोपंतांना पुढचा फोटो दाखवायला धावला.