तळमजल्यावर राहण्याची परवानगी

पनवेल तालुक्यात, गव्हाणच्या अलीकडच्या एका गावात, काशिराम मोकल नावाच्या इसमाने घर बांधण्यापूर्वी परवानगी मागितली. देवळासमोरच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींना ही बातमी आधी खरीच वाटेना. काशिराम तसा सरळ माणूस. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी केली, पण काट्याला कधी बोट लावलं नाही. त्याला एकाएकी ही अवदसा का आठवावी, हे कुणाला उमगेना. गावात आजवर घरं उठली, घरांवर माड्या चढल्या, माड्यांवर पत्र्याच्या शेडी आणि शेडींवर मोबाइलचे मनोरे चढले. परवानगीच्या वाटेला मात्र कुणी गेलं नव्हतं, आणि परवानगीही सभ्यपणे गावाच्या वाटेला गेली नव्हती. "आज हा मागतो, उद्या ते आपल्याकडं मागतील," असं एक म्हातारा म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं.

काशिरामचा चुलतभाऊ धर्मराज धावतच आला. धर्मराजची चार मजली इमारत गावात सगळ्यांत उंच होती आणि तिच्यातल्या एकाही विटेला सरकारी शाईचा डाग नव्हता. काशिराम सध्या तिथेच भाड्याने राहत होता.

"दादा, डोका ठिकानावर हाय ना? परवानगी मागून कोनी घर बांधतो?"

"नाक्यावर बोर्ड लागलाय. एक खिडकी योजना हाय, अर्ज करा नि परवानगी न्या, असा लिवलाय."

"बोर्ड वाचायला नसतो दादा. बोर्डावरचे फोटो बगायला असतो," धर्मराज म्हणाला. पण तीर सुटला होता. अर्जावर पोचेचा शिक्का बसला होता.

काशिरामला घर हवं होतं ते पोरीच्या लग्नासाठी. विनिताचं लग्न वैशाखात ठरलं होतं, शिरढोणच्या चांगल्या घरात. पूर्वी त्याचं स्वतःचं कौलारू घर होतं. शेजारचं मिठागर बुजवून तिथे 'कॅस्पियन व्ह्यू' नावाचा टॉवर उभा राहिला. पाया खणताना ज्या धडका बसल्या, त्यांनी काशिरामच्या घराची मागची भिंत फाटली. उरलेलं घर त्याने, कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून, स्वतःच उतरवलं. आता लग्न आलं, हळद आली, आणि दार नव्हतं. धर्मराजने आपल्या इमारतीखाली मांडव घालायला मोकळ्या मनाने सांगितलं. पण तिथे सगळीकडे लादी. मांडवाची मुहूर्तमेढ रोवायला ओंजळभर माती नाही. धर्मराजच्या पोरांची लग्नं झाली तेव्हा मेढ तेलाच्या डब्यात वाळू भरून तीत उभी केली होती.

"माझे पोरीची मेढ डब्यान नाय रवाची," काशिरामची बायको मैना म्हणाली. "आपले अंगनान रवाची, आपले मातीन. मंग दोन खोल्या का असेनात." दुसऱ्याच दिवशी काशिराम घराचा नकाशा काढायला देऊन आला.

खारपट्टा नियोजन प्राधिकरणाच्या कार्यालयात कृष्णकांत साहेब बसत. साहेब सज्जन होते. त्यांनी काशिरामला खुर्ची दिली, नकाशा उलगडला आणि बराच वेळ पाहिला. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी, समोर अंगण. मग त्यांनी कागद उलटून मागची बाजूही तपासली.

"बाकीचे मजले कुठे आहेत?"

"बाकीचे नाय साहेब. येवढाच हाय."

साहेबांनी नकाशा संगणकात घातला. संगणकाने प्रामाणिकपणे शोध घेतला आणि 'इमारत आढळली नाही' असा शेरा दिला.

"काशिरामजी, वाईट वाटून घेऊ नका, पण सध्याचा ट्रेंड बघा," साहेब म्हणाले. "आमच्या वार्षिक अहवालात स्पष्ट म्हटलंय, घरांचा कल वर जाण्याकडे आहे. तळमजल्यावर राहण्यासाठी अलीकडे एकही अर्ज आलेला नाही. तळमजल्यावर गाड्या राहतात. माणसं वर राहतात."

"मना गाडी नाय."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. म्हणजे तुम्ही गाडीच्या जागेत माणसं ठेवणार. हा वापरातला बदल झाला. त्याला पार्किंग विभागाची ना-हरकत लागेल."

पार्किंग विभाग वरच्या मजल्यावर होता. तिथल्या बाईंनी गाडी नसल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, गाडीच्या नंबरासह. काशिरामने नंबर कुठून आणू असं विचारल्यावर त्यांनी, नंबरच नसेल तर कोणती गाडी नाही हे आम्ही कसं ठरवायचं, असा बिनतोड सवाल केला. शेवटी होणाऱ्या जावयाकडून व्याह्यांच्या रिक्षाचा नंबर घेऊन, ती गाडी आपली नसल्याचं काशिरामने शपथेवर लिहून दिलं. विभागाचं समाधान झालं.

मग अंगणाचा विषय निघाला. हे मोकळं क्षेत्र कशासाठी, असं साहेबांनी विचारलं. मांडवासाठी, असं काशिरामने सांगितलं. मांडव म्हणजे काय, तिथे काय होतं, हे त्याने होईल तेवढं समजावलं. साहेबांनी त्याची 'करमणुकीचे क्षेत्र' अशी नोंद केली आणि करमणुकीच्या क्षेत्रात जॉगिंग ट्रॅक बंधनकारक असल्याचं निदर्शनास आणलं.

"हलदीला लोक नाचतात साहेब. धावत नाय."

"नियमात नाचण्याची तरतूद नाही," साहेब खरोखर हळहळून म्हणाले.

अग्निशमनवाल्यांनी तर कमालच केली. आगीचा बंब अंगणात पूर्ण वळला पाहिजे, असा नियम. त्यांनी कागदावर बंब ठेवून वळवून पाहिला. तो दर वेळी काशिरामच्या स्वयंपाकघरात शिरे. मग एका हुशार अधिकाऱ्याने घर खोडून पाहिलं, तेव्हा बंब झोकात वळला. त्यानुसार 'घर वगळल्यास प्रस्ताव सुरक्षेच्या दृष्टीने योग्य' असा अनुकूल अभिप्राय काशिरामच्या हाती पडला.

चैत्र सुरू झाला तेव्हा कृष्णकांत साहेबांना राहवलं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे मी ऑफिसर म्हणून सांगत नाही. तुमच्या गावात आम्ही घराला परवानगी देत नसतो. गरजेपोटी बांधलेली घरं आम्ही नियमित करतो. पण घर असायला पाहिजे ना! नसलेलं घर मी नियमित कसं करू? तुम्ही बांधा, मग या."

जे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, ते काशिरामला अशा रीतीने राजमार्गाने समजलं. त्याने धर्मराजचाच गवंडी बोलावला. भिंती उठल्या, कौलं चढली, मैनाने ओटी शेणाने सारवली. विनिता येता-जाता नव्या उंबऱ्यावर उगाचच टेकायची. काशिराम फोटो घेऊन कार्यालयात गेला.

साहेबांनी फोटो पाहिला, फाइल काढली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, पण तुमचा आधीचा अर्ज आहे इथे. घर गरजेपोटी बांधलेलं पाहिजे. गरजवंताला अक्कल नसते. तुम्ही नकाशा काढलात, शपथपत्र दिलंत, बंबाचा अभिप्राय आणलात. इतकी अक्कल असलेल्या माणसाला आम्ही गरजवंत कसं म्हणायचं?"

"मंग धर्मराजची बिल्डिंग?"

"त्यांनी आम्हाला कधी काही विचारलं नाही. त्यांच्या गरजेबद्दल शंका घ्यायला कार्यालयाला जागाच नाही."

एवढ्यावर थांबलं असतं तरी हळद उरकली असती. पण कॅस्पियन व्ह्यूच्या सोसायटीने तक्रार दिली. अध्यक्ष सत्यजीत सर पर्यावरणप्रेमी होते. नाला बुजवून बांधलेल्या क्लबहाउसात त्यांनी सभा घेतली आणि 'शेजारच्या भूखंडावरील अनधिकृत कौलारू अतिक्रमणामुळे रहिवाशांच्या समुद्रदर्शनात दाणे खाणाऱ्या कोंबड्या येतात' असा ठराव एकमताने मंजूर झाला. नोटीस निघाली. पाडकामाचा दिवस आणि हळदीचा दिवस एकच आला, यात कुणाचा दुष्टावा नव्हता. कार्यालयाकडे जेसीबी त्याच दिवशी मोकळा होता.

नोटीस द्यायला कृष्णकांत साहेब स्वतः आले, कारण माणूस सज्जन. मैनाने चहा दिला. ओटीवर मांडवाचे बांबू येऊन पडले होते. विनिता दारात उभी होती. काशिराम मात्र साहेबांसमोर रडला. आयुष्यभर ज्याने काट्याला बोट लावलं नाही, तो माणूस धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता, आणि साहेबांनी कप खाली ठेवला.

"एक मार्ग आहे," साहेब शेवटी म्हणाले. "मंजूर टॉवरच्या वॉचमन केबिनला वेगळी परवानगी लागत नाही."

"टॉवर कुटला?"

"तुमचा. इथे टॉवरचा प्रस्ताव टाका. तो ट्रेंडमध्ये बसतो, लगेच मंजूर होतो. मग हे घर म्हणजे त्याची केबिन."

"येवढी मोठी केबिन?"

साहेबांनी ओटीच्या कडेवर बसून गणित मांडलं. सहसा टॉवरवरून केबिनचं माप ठरतं. त्यांनी केबिनवरून टॉवर काढला. दोन खोल्या, ओटी आणि मोरी असलेल्या केबिनला शोभेल असा टॉवर सत्तावीस मजल्यांचा निघाला. "मना टॉवर बांधाचा नाय," काशिराम घाबरून म्हणाला.

"बांधायचा कोण म्हणतंय? गावात बांधकामं आहेत, परवानग्या नाहीत. तुमच्याकडे परवानगी राहील, बांधकाम नाही. बॅलन्स होतं."

धर्मराजच्या ओळखीचा एक बिल्डर तासाभरात गाडी घेऊन हजर झाला. त्याने जिथे जिथे बोट दाखवलं तिथे तिथे काशिरामने सह्या केल्या. जॉगिंग ट्रॅक बाराव्या मजल्यावर दाखवला गेला, बंब संगणकात सुरळीत वळला, आणि ज्या खिडकीबद्दल बोर्डावर लिहिलं होतं ती खिडकी काशिरामने त्या दिवशी प्रथमच उघडी पाहिली. संध्याकाळी मंजुरी हातात आली. जेसीबी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेला.

हळद दणक्यात झाली. उंबराची मेढ अंगणातल्या मातीत रोवली तेव्हा मैनाने खाली वाकून ती माती दोन्ही हातांनी दाबली. बाया गात होत्या. काशिरामला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस होता, हे त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं.

पावसाळा संपला आणि पत्र आलं. मंजुरी घेऊन बांधकाम सुरू न करणं ही प्राधिकरणाची फसवणूक असून, कारवाई का करू नये याचा खुलासा मागवला होता. काशिराम मंजुरी रद्द करायला धावला. साहेबांनी समजावलं, की टॉवर रद्द झाला तर केबिन अनधिकृत होते. कायदा पाळणाऱ्या माणसापुढे एकच रस्ता उरला. अंगणात खड्डा खणला गेला. मेढ जिथे रोवली होती तिथे आता लिफ्ट आहे.

टॉवर झकास झाला. करारानुसार काशिरामच्या वाट्याला वरचे तीन फ्लॅट आले. गाव म्हणालं, परवानगी मागणारा शहाणाच निघाला. दोघं नवरा-बायको सामान घेऊन वर निघाली, तेव्हा कार्यालयाने नियम दाखवला. केबिनमध्ये वॉचमन राहत नसेल तर ती केबिन नव्हे. आणि केबिन नसेल तर ते घर, ते पाडावं लागेल. मैना ओटीवर बसली ती उठेना. काशिरामने मग निळा शर्ट शिवून घेतला आणि फ्लॅट भाड्याने द्यायला काढले.

त्यांतला एक अजून रिकामा आहे. जाहिरात आपण पाहिलीच असेल. येत्या रविवारी आपण सहकुटुंब तो बघायला जाल, आणि फाटक उघडायला उशीर झाला म्हणून दोनदा हॉर्न वाजवाल. ओटीवरचा म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून उठेल. आपण काच चार बोटं खाली कराल. "काय रे, पाणी असतं का? मालक कटकट्या तर नाही ना?" तो दोन्हींची उत्तरं अदबीने देईल. मग आपण आवाज जरा खाली आणून, आपल्या मनातला खरा प्रश्न विचाराल, की बाल्कनी आत घेऊन बेडरूम वाढवली तर इथे चालतं का.

"चालता साहेब," काशिराम फाटक ढकलत सांगेल, "फक्त कोनाला इचारू नका."